जादा पॉइंट (घरगुती विद्युत जोडणी)

घराची वायरिंग पूर्ण झाल्यावर एखाद्या खोलीत नव्याने दिलेल्या सॉकेटला वायरमनच्या बोलीत ‘जादा पॉइंट’ म्हणतात. सॉकेट, त्यामागची पेटी, लागलाच तर स्विच आणि तिथवर आणलेल्या फेज (वीज आणणारी), न्यूट्रल (प्रवाह परत नेणारी) व अर्थ (जमिनीशी जोडलेली, सुरक्षेसाठीची) अशा तीन वायरी, एवढाच त्याचा पसारा. पाहणाऱ्याला भिंतीवरची नवी प्लेट दिसते. काम धड झाले की नाही, हे मात्र वायरचे दुसरे टोक कुठे जोडले यावर ठरते.

जादा पॉइंटची गरज बहुधा एक्स्टेंशन बोर्ड कायमचा मुक्कामाला आला की कळते. पलंगाच्या पायाखाली दबलेली किंवा सतरंजीखालून नेलेली वायर आतून तुटत जाते आणि तापली तरी वरून कळत नाही. तात्पुरत्या सोयीसाठी बनवलेल्या वस्तूकडून वर्षानुवर्षे काम घेण्यापेक्षा भिंतीत पॉइंट काढलेला केव्हाही बरा.

पुरवठा दोन ठिकाणांहून घेता येतो. जवळच्या बोर्डातून लूप घ्यायचा, म्हणजे तिथल्या वायरीलाच जोडून पुढे वायर न्यायची, नाहीतर डीबीतून (घराच्या मुख्य वाटप पेटीतून) स्वतंत्र लाइन ओढायची. लूप स्वस्त आणि झटपट होतो, पण नव्या सॉकेटचा लोड जुन्याच वायरीवर पडतो. २३० व्होल्टच्या पुरवठ्यात ६ अँपिअरच्या लाइनवर जेमतेम १,३८० वॅट निघतात. २,००० वॅटचा हीटर एकटाच पावणेनऊ अँपिअरच्या आसपास घेतो. मोबाइलचा चार्जर किंवा टेबललॅम्प असेल तर लूप चालेल. हीटर, गीझर, एसी यांना मात्र स्वतंत्र लाइनच हवी. १६ अँपिअरच्या सॉकेटला सहसा २.५ चौ. मिमी. तांब्याची वायर घेतात. अंतर लांब असेल किंवा एकाच पाइपात बऱ्याच वायरी कोंबल्या असतील, तर ४ चौ. मिमी.

लोड वाढला, एमसीबी (प्रवाह जादा झाला की आपोआप बंद होणारा डीबीतला स्विच) पडू लागला, म्हणून तो काढून मोठा बसवणे हा सगळ्यांत घातक उपाय. एमसीबी मुळात राखतो तो भिंतीतल्या वायरीला, आणि तोही ढिलाईनेच. १६ अँपिअरच्या एमसीबीतून १८ अँपिअर प्रवाह तासभर गेला तरी तो पडेलच असे नाही. २३ अँपिअरच्या वर मात्र तासाभरात पडलाच पाहिजे. एवढी सूट आधीच असताना वायर तीच ठेवून एमसीबी वाढवला, तर फ्यूजचे काम वायरच करते.

लूप घेताना आणखी एक पेच येतो. दिव्याच्या जुन्या बोर्डात पुष्कळदा फेजच तेवढी आणलेली असते, न्यूट्रल नसते. मग शेजारच्या लाइनची न्यूट्रल उसनी घेतली जाते किंवा अर्थच न्यूट्रल म्हणून वापरली जाते. उसन्या न्यूट्रलमुळे एक एमसीबी बंद केला तरी दुसऱ्या लाइनचा परतीचा प्रवाह त्या वायरीत असतो. ती सोडवणाऱ्याला शॉक बसतो आणि त्याला कारण उमगत नाही. दुसरा प्रकार त्याहून वाईट : ती अर्थ वाटेत कुठे तुटली, तर तिच्याशी जोडलेल्या प्रत्येक उपकरणाच्या धातूच्या अंगात फेज उतरते. सॉकेटमध्ये अर्थ आणि न्यूट्रल एका तुकड्याने जोडून ‘अर्थिंग दिले’ म्हणणे हाही त्याच जातीचा प्रकार.

काम सुरू करण्यापूर्वी मेन स्विच बंद करावा. घरात इन्व्हर्टर किंवा सौर यंत्रणा असेल तर तीही, कारण मेन बंद असतानाही तिच्याकडून फेज येत राहू शकते. निऑनच्या टेस्टरला ‘टेस्टर’ हे नाव जरा मोठेच आहे. तो पेटतो माणसाच्या अंगातून जाणाऱ्या सूक्ष्म प्रवाहावर. जाड रबरी चप्पल, भर उजेड किंवा खराब निऑन असेल तर जिवंत फेजही मेलेली वाटते. टेस्ट लॅम्पही फसवतो, कारण न्यूट्रल तुटलेली असली की फेज चालू असूनही बल्ब लागत नाही. म्हणून दोन टोकांचे मापक आधी चालू सॉकेटवर, मग कामाच्या जागी आणि मग पुन्हा चालू सॉकेटवर लावून पाहतात. हे मोजमाप ज्याला जमत नाही त्याने पेटी उघडू नये. अनेक देशांत तर असे काम परवानाधारकानेच करावे लागते.

वायरीच्या रंगावर भिस्त ठेवू नये. जुन्या ब्रिटिश पद्धतीत काळी म्हणजे न्यूट्रल, अमेरिकेत काळी म्हणजे फेज. तपकिरी, निळी आणि हिरवी-पिवळी ही युरोपातली त्रयी नंतर बरीच पसरली. अर्थ वर असलेल्या तीन पिनांच्या सॉकेटात समोरून पाहता फेज उजवीकडे येते. जोडताना मात्र सॉकेट उलटे हातात असते आणि उजवी बाजू डावी होते. पाठीवर कोरलेले ‘एल’ (फेज) आणि ‘एन’ (न्यूट्रल) वाचूनच वायर घालावी.

खरी कसोटी स्क्रूशी लागते. आठ-दहा मिलिमीटर तांबे सोलावे, त्यातला एकही तंतू कापला जाऊ नये, तंतू पिळून टर्मिनलमध्ये पूर्ण आत जावेत आणि स्क्रूखाली प्लास्टिक दाबले जाऊ नये. आवळल्यावर प्रत्येक वायर ओढून पाहावी. ढिल्या सांध्यात ०.१ ओहम रोध राहिला आणि १६ अँपिअर वाहिले, तर त्या टिचभर जागेत २५ वॅटहून अधिक उष्णता निघते; लहान सोल्डरिंग आयर्न पेटीत कोंडून ठेवल्यासारखेच ते. एमसीबीला याचा पत्ता नसतो, प्रवाह तर नेमातलाच असतो. जोड द्यायचाच तर पेटीत, उघडून पाहता येईल असा. पाइपाच्या आत कधीच नाही.

चर आडवी किंवा उभी, सॉकेटच्या सरळ रेषेत मारावी, म्हणजे पुढे खिळा ठोकणाऱ्याला वायर कुठे असेल याचा अंदाज येतो. तिरकी वाट तांबे वाचवते आणि ड्रिल मारणाऱ्याला गोत्यात आणते.

जोडणीनंतर, मेन बंद असतानाच, अर्थची सलगता आणि ५०० व्होल्टवर इन्सुलेशनचा रोध तपासतात. उपकरणे काढून घेतलेली असावीत आणि रोध निदान १ मेगओहम यावा. मेन चालू केल्यावर ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीचे टेस्ट बटण दाबून पाहावे. हे साधन प्रवाहाची जमिनीकडे होणारी गळती पकडते. माणसाची दोन बोटे फेज आणि न्यूट्रल या दोन्हींना एकदम लागली, तर या साधनाला तो नेहमीचाच लोड वाटतो. मग सॉकेटला पेलेल असा लोड अर्धा तास चालवून प्लेटला हात लावावा. ती गरम लागली तर मेन बंद करून स्क्रू पुन्हा पाहावेत.