फेल शर्यतींतील सक्तीच्या साहित्याची पार्श्वभूमी

उत्तर इंग्लंडमधल्या झाडी नसलेल्या उघड्या डोंगरांना तिथले लोक ‘फेल’ म्हणतात आणि त्यांवरून, बहुतेकदा आखलेली वाट नसताना, धावण्याच्या शर्यतींना फेल रनिंग. आज ब्रिटनमधल्या अशा लांब आणि अवघड शर्यतीत उतरणाऱ्याला अंगभर झाकणारा जलरोधक पोशाख, टोपी, हातमोजे, मार्गाचा नकाशा, होकायंत्र, शिट्टी आणि अडीअडचणीसाठी राखून ठेवलेला खाऊ एवढे साहित्य बाळगावेच लागते. त्यातली एक वस्तू कमी असली तरी नाव बाद होऊ शकते. ही यादी एका बैठकीत तयार झालेली नाही. जत्रेतली शर्यत गावाशेजारची टेकडी सोडून उंच पठारांवर गेली तसतशी ती वाढली, आणि वाढताना तिला विरोधही भरपूर झाला.

उत्तर इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ भागातल्या ग्रासमिअर येथे 1868 पासून चालत आलेली ‘गाइड्स रेस’ ही गावाच्या डोक्यावरच्या कड्यापर्यंत जाऊन परत येण्याची छोटी शर्यत आहे. खाली मैदानात उभ्या असलेल्या प्रेक्षकांना धावणारा जवळजवळ सतत दिसतो, त्यामुळे कोणी पडले तर ते लगेच कळते आणि सोबत काही बाळगण्याची गरज भासत नाही. बेन नेव्हिसची गोष्ट वेगळी. 1895 मध्ये स्कॉटलंडमधल्या फोर्ट विल्यम या गावच्या विल्यम स्वान नावाच्या केशकर्तनकाराने गावातून निघून ब्रिटनचे हे सर्वोच्च, 1,345 मीटर उंचीचे शिखर गाठून परत येण्याची पहिली नोंदलेली धाव 2 तास 41 मिनिटांत पूर्ण केली. या शिखरावर 1883 ते 1904 या काळात हवामान वेधशाळा होती आणि तिथले वार्षिक सरासरी तापमान शून्य अंशाच्या आसपास असल्याचे तिच्या नोंदी सांगतात. पायथ्याशी ऊन असताना वर धुके, वारा आणि गारठा असणे ही तिथे नित्याची गोष्ट आहे. तरीही पुढे कित्येक दशके धावपटू बनियन आणि अर्धी चड्डी एवढ्यावरच वर जात राहिले.

1957 मध्ये बेन नेव्हिसच्या शर्यतीत एक धावपटू थंडीने दगावला. 1978 मध्ये यॉर्कशायरच्या ‘थ्री पीक्स’ शर्यतीत तसाच मृत्यू झाला. अशा प्रसंगांत शरीराचे काय होते हे समजल्याशिवाय यादीमागचे कारण कळत नाही. धावणारे शरीर इतकी उष्णता निर्माण करते की शून्याजवळच्या तापमानातही पातळ कपडे पुरतात. घात होतो तो थांबल्यावर, म्हणजे घोटा मुरगळला, वाट चुकली किंवा नुसती ताकद संपून चाल मंदावली की. उष्णता कमी होते, भिजलेल्या कपड्यांवरून वारा उरलीसुरली ऊब काढून नेतो, बोटे बधिर होतात आणि थोड्याच वेळात माणसाला पिशवीची चेन उघडून जॅकेट बाहेर काढणेही जमेनासे होते. सक्तीचे साहित्य आहे ते धावण्यासाठी नव्हे, तर धावणे बंद पडल्यानंतरच्या त्या एक-दोन तासांसाठी. पहिल्या क्रमांकासाठी धडपडणाऱ्याला ते ओझे वाटते याचेही कारण हेच.

1970 मध्ये फेल रनर्स असोसिएशन स्थापन झाल्यावर शर्यतींना एकसारखे नियम मिळू लागले. दर किलोमीटरला सरासरी किती चढ आहे त्यावरून अ, ब आणि क असे गट पडले. ‘अ’ गटासाठी किलोमीटरमागे किमान 50 मीटर चढ लागतो, आणि 20 किलोमीटर किंवा अधिक अंतराची शर्यत ‘लांब’ समजली जाते. साहित्याची सक्ती याच वर्गवारीशी जोडली गेली. संध्याकाळच्या छोट्या शर्यतीला आयोजक हवामान पाहून सवलत देऊ शकतो. लांब आणि उभ्या चढाच्या शर्यतीत ही मोकळीक फारशी उरत नाही.

खरी ओढाताण झाली ती शब्दांवरून. पूर्वी केवळ वारा अडवणारा पोशाख चालत असे, आणि मुठीत मावणारे पातळ नायलॉनचे जॅकेट त्या व्याख्येत बसायचे. मात्र पावसात ते काही मिनिटांत आतपर्यंत भिजते. म्हणून पुढे जलरोधक पोशाख, जॅकेटलाच जोडलेली टोपी आणि आतून पट्टी चिकटवून बंद केलेली शिवण अशा अटी आल्या. कापड कितीही चांगले असले तरी शिवणीत सुईने पाडलेल्या छिद्रांतून पाणी आत येते, म्हणून तपासणीच्या टेबलावर स्वयंसेवक जॅकेट उलटे करून शिवणीवरून बोट फिरवताना दिसतो. होकायंत्राचेही तसेच आहे. नियमाची खानापूर्ती म्हणून बटणाएवढे होकायंत्र नेणाऱ्याला धुक्यात त्याच्या आधारे दिशा धरता येईलच असे नाही, आणि हे कौशल्य कोणत्याही टेबलावर तपासता येत नाही.

ऑक्टोबर 2008 मध्ये बॉरोडेल खोऱ्यातली ‘ओरिजिनल माउंटन मॅरेथॉन’ वादळी पावसामुळे पहिल्याच दिवशी थांबवावी लागली. सुमारे 1,700 जण बेपत्ता असल्याच्या बातम्या झळकल्या. प्रत्यक्षात सर्वजण सुखरूप सापडले. ही दोन दिवसांची, जोडीने करायची शर्यत असल्याने तंबू, झोपण्याची पिशवी आणि अन्न प्रत्येक जोडीच्या पाठीवरच होते. त्या दिवशी वार्ताहरांना जी बेफिकिरी वाटली, ती माझ्या मते या खेळातल्या स्वावलंबनाची चांगली परीक्षा होती.

एप्रिल 2012 मध्ये बटरमिअरच्या शर्यतीत मात्र एका धावपटूचा थंडीने मृत्यू झाला. त्यानंतर असोसिएशनने सुरक्षेचे नियम नव्याने लिहायला घेतले. त्यावर तीव्र मतभेद झाले: नियम जितके तपशीलवार, तितकी आयोजकाच्या डोक्यावर कायदेशीर जबाबदारी अधिक, आणि हे आयोजक म्हणजे बहुधा गावातल्या क्लबचे बिनपगारी सदस्य. साहित्याइतकाच महत्त्वाचा ठरला तो शिरगणतीचा मुद्दा. किती जण निघाले, किती परतले आणि मध्येच सोडून थेट गाडीकडे कोण गेले, याचा हिशेब न जुळल्यास बचाव पथकाला, तेही स्वयंसेवकांचेच, रात्रभर रिकामा डोंगर धुंडाळावा लागतो.

यादीतल्या एका ओळीने किती फरक पडतो, हे 22 मे 2021 रोजी चीनमधल्या गान्सू प्रांतात दिसले. तिथल्या 100 किलोमीटरच्या शर्यतीत 172 जण उतरले होते. दुपारी उंचावर अचानक गारा, पाऊस आणि वादळी वारा सुरू झाला आणि 21 धावपटू मृत्युमुखी पडले. वारा अडवणारे जॅकेट त्या शर्यतीत ‘बाळगावे’ अशा सूचनेत होते, सक्तीच्या यादीत नव्हते, आणि अनेकांनी ते पुढच्या थांब्यावर पाठवायच्या पिशवीत टाकले होते. जवळच मेंढ्या चारणाऱ्या एका माणसाने सहा जणांना आपल्या गुहेत नेऊन शेकोटी व पांघरुणे दिली, म्हणून ते वाचले. त्यानंतर चीनने अशा धोक्याच्या शर्यतींवर बंदी आणली.