दहा पंप, एक डीपी आणि कोळशाची रास

हरभरा घाट्यावर आलेला असतो, गव्हाला ओलीत द्यायचे असते आणि नेमक्या त्याच आठवड्यात शिवारातली डीपी जळते, हा अनुभव विदर्भातल्या बहुतेक गावांना आहे. कागदोपत्री तिला वितरण रोहित्र म्हणतात. ती का जळाली, असे विचारले की ‘लोड जास्त झाला’ असे उत्तर मिळते. ते खरेच असते. परंतु हा लोड कसा तयार होतो हे पाहिले, तर खाणीपासून विहिरीपर्यंतच्या साऱ्या वीजव्यवहाराचा एक धागा हाती लागतो.

पाच अश्वशक्तीचा तीन फेजचा पंप चालू असताना साधारण ७.५ अँपिअर प्रवाह घेतो. ६३ केव्हीएची डीपी लघुदाबाच्या बाजूने सुमारे ८४ अँपिअर देऊ शकते; म्हणजे दहा पंपांचे ७५ अँपिअर ती सहज पेलते. मात्र थांबलेली मोटार फिरू लागते, तेव्हा काही सेकंद ती पाच ते सात पट प्रवाह ओढते. दहाही पंप एकाच क्षणी सुरू झाले, तर मागणी ४५० अँपिअरच्या घरात जाते. एवढ्या ओढीने व्होल्टेज खाली येते, आणि मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटत असल्याने व्होल्टेज दहा टक्के उतरले, तरी जोर जवळपास एकोणीस टक्क्यांनी कमी होतो. परिणामी मोटारी वेग घ्यायला अधिक वेळ लावतात, चढा प्रवाह लांबतो, डीपीतले तेल तापते आणि तारांभोवतीचा कागद करपत जातो.

पंप एकाच क्षणी का सुरू होतात? कारण जवळपास प्रत्येक पंपाला ऑटोस्विच, म्हणजे वीज येताच पंप आपोआप सुरू करणारा स्विच, लावलेला असतो. वीज रात्री येणार, काही तासच राहणार आणि मध्येच जाणार, असे गृहीत धरलेला शेतकरी थंडीत बांधावर ताटकळत बसण्याऐवजी स्विचवर भरवसा टाकतो. चंद्रपूर-गडचिरोलीकडे तर रात्रीच्या ओलिताला वाघाची भीतीही असते, तेव्हा त्याला दोष देणे मला पटत नाही. ज्याचा त्याचा निर्णय शहाणपणाचाच असतो. दहा शहाणपणे एकाच सेकंदाला डीपीवर येऊन आदळतात, एवढेच.

पुरवठा साखळीच्या अभ्यासात या प्रकाराचे एक जवळचे भावंड आहे. अमेरिकेतल्या एमआयटीचे जे फॉरेस्टर यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस दाखवून दिले, की ग्राहकाच्या मागणीतला लहानसा बदल दुकानदार, घाऊक व्यापारी आणि कारखाना अशा पायऱ्या चढताना फुगत जातो, कारण प्रत्येक जण पुढच्याची खरी गरज न पाहता त्याच्या मागणीवरून अंदाज बांधतो आणि वर थोडे अधिक मागवून ठेवतो. आसूड फटकारताना मुठीची हालचाल बोटभर आणि टोकाची हातभर असते, त्यावरूनच या परिणामाला ‘बुलव्हिप’ म्हणजे आसूड हे नाव पडले. प्रॉक्टर अँड गॅम्बल या कंपनीला तो बाळांच्या डायपरमध्ये आढळला: बाळे रोज सारखेच डायपर वापरत होती, तरी कारखान्याकडे येणाऱ्या मागणीत मात्र मोठे चढउतार होते.

विजेच्या धंद्यात हा आसूड अधिक लागतो, कारण तयार मालाला गोदाम जवळपास नाहीच. देशाच्या ग्रिडची वारंवारिता ५० हर्ट्झच्या आसपास राखावी लागते आणि त्यासाठी दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग करून कोणी किती वीज द्यायची व घ्यायची हे ठरते. साठा करायचा तो विजेचा नव्हे, कोळशाचा. एक युनिट विजेला साधारण ७०० ग्रॅम कोळसा धरला, तर ५०० मेगावॅटचा एक संच पूर्ण क्षमतेने दिवसभर चालल्यास १ कोटी २० लाख युनिट वीज देतो आणि सुमारे ८,४०० टन कोळसा खातो. रेल्वेचा एक रेक, म्हणजे एक अख्खी मालगाडी, साधारण ४,००० टनांचा असतो. म्हणजे एका संचाला रोज दोन रेक. चंद्रपूरच्या २,९२० मेगावॅटच्या केंद्रात असे पाच संच आहेत, शिवाय २१० मेगावॅटचे दोन.

केंद्राच्या आवारातली ही कोळशाची रास किती मोठी असावी, हा तंत्राइतकाच नात्याचाही प्रश्न आहे. एप्रिल २०२१ मध्ये कोल इंडियाच्या खाणींवर सुमारे १० कोटी टन कोळसा पडून होता. त्या उन्हाळ्यात अनेक वीज केंद्रांनी तो उचलला नाही, कारण साठ्यात पैसा अडकतो आणि वितरण कंपन्यांकडची येणी आधीच थकलेली होती. मग कोविडनंतर मागणी वाढली, परदेशी कोळसा महागला, सप्टेंबरच्या पावसाने खाणींत पाणी भरले आणि ऑक्टोबरमध्ये देशातल्या केंद्रांकडचा सरासरी साठा सुमारे चार दिवसांवर आला. २०२२च्या उन्हाळ्यात तर कोळशाच्या रेकना वाट देण्यासाठी प्रवासी गाड्या रद्द कराव्या लागल्या. मधल्या काळात नियम बदलून खाणीलगतच्या केंद्रांना १२ ते १७ दिवसांचा आणि दूरच्या केंद्रांना २० ते २६ दिवसांचा साठा ठेवण्यास सांगण्यात आले. जून २०२२ मध्ये थकबाकी जास्तीत जास्त ४८ हप्त्यांत फेडण्याचे नियमही आले. कोळसा खाणीकडून गावाकडे येतो, तर पैसा गावाकडून खाणीकडे जातो. हा उलटा प्रवाह अडला की सुलटाही अडतो, ही गोष्ट उशिरा का होईना कागदावर आली.

खाण आणि वीज केंद्र यांचे नाते बाजारातल्या भाजीवाल्याशी असते तसे रोज बदलता येत नाही. बॉयलर विशिष्ट उष्मांकाच्या आणि राखेच्या कोळशासाठी बांधलेला असतो, आणि खाणीच्या तोंडाशी उभारलेले केंद्र उचलून दुसरीकडे नेता येत नाही. अशी गुंतवणूक झाली, की दोघांपैकी कोणीही दुसऱ्याला अडवून धरू शकतो, हे अर्थतज्ज्ञ ऑलिव्हर विल्यमसन यांनी मांडले. आणि अर्थतज्ज्ञ पॉल जॉस्को यांनी १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या कोळसा करारांचा अभ्यास करून दाखवले, की गुंतवणूक जितकी एकमेकांत अडकलेली, तितके करार दीर्घ मुदतीचे होतात. तरीही करारात सारे मावत नाही. वॅगन भरताना कोळशाची जी प्रत लिहिली जाते, ती उतरवताना भरत नाही, अशी तक्रार केंद्रे वर्षानुवर्षे करत आली, म्हणून आता नमुने तिसऱ्या संस्थेकडून तपासले जातात. अविश्वासाची ही किंमत शेवटी युनिटच्या दरातच मिसळते.

वीज क्षेत्राबाहेरचे एक उदाहरण येथे उपयोगी आहे. १ फेब्रुवारी १९९७ रोजी जपानमध्ये आयसिन कंपनीच्या कारिया येथील कारखान्याला आग लागली. टोयोटाच्या मोटारींच्या ब्रेकमधला एक छोटा झडप-भाग जवळजवळ सगळा तेथेच बनत असे, आणि साठा ठेवण्याची टोयोटाची रीत नसल्याने काही दिवसांतच तिचे कारखाने थांबले. त्यानंतर साठहून अधिक पुरवठादारांनी नकाशे मागवून, मिळेल त्या यंत्रावर, आधी भाव न ठरवता तो भाग बनवायला घेतला आणि आठवडाभरात उत्पादन रुळावर येऊ लागले. सर्वांत कमी दराची निविदा मंजूर करून दुरुस्तीचे बिल महिनोन्महिने लांबवणाऱ्या व्यवस्थेत कोणता ठेकेदार रात्री दोन वाजता डीपी घेऊन येईल, हा प्रश्न मला त्यामुळेच पडतो.

विल्यमसन यांना २००९चे अर्थशास्त्राचे नोबेल एलिनॉर ऑस्ट्रॉम यांच्याबरोबर विभागून मिळाले. ऑस्ट्रॉम यांच्या अभ्यासात नेपाळच्या शेतकऱ्यांनी स्वतः चालवलेल्या पाटपाण्याच्या व्यवस्था होत्या: पाळी कोणाची, नियम मोडला तर काय, हे गावच ठरवते. आपल्या डीपीवरही दहा विहिरींचा तसाच सामायिक हक्क असतो. दिवसा वीज देणाऱ्या सौर वाहिन्यांची योजना राज्याने २०१७ मध्ये सुरू केली आहे. ती पोहोचेल तेथे रात्रीचे जागरण टळेल, तरी वाहिनीवर वीज आल्याबरोबर दहा ऑटोस्विच एकदमच चालू होतील. मात्र दहा शेतकऱ्यांनी एकत्र बसून प्रत्येक स्टार्टरच्या टाइमरमध्ये अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे अंतर ठेवले, तर नऊ पंप चालू असताना दहावा सुरू होईल त्या क्षणीही मागणी ११२ अँपिअरच्या आसपास राहते, तीही काही सेकंदच.