डुक्कर फियाट ते एस-1: कुर्ल्याच्या गाडीची पार्श्वभूमी

कुर्ल्यात प्रीमियर कंपनीने बनवलेल्या पद्मिनी गाडीचा इतिहास बहुतेक जण 1974 पासून सांगतात. पार्ट शोधत फिरणाऱ्याला त्याचा फारसा उपयोग नाही, कारण तेव्हा बदललं ते नाव. 1950 च्या दशकातली गोलमटोल फियाट 1100, म्हणजे आपली डुक्कर फियाट, तिचे पुढचे दरवाजे उलटे उघडायचे. मग मागे पंख असलेल्या एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट आल्या आणि 1964 मध्ये डिलाइट. इटालियन परवाना संपल्यावर काही काळ प्रीमियर प्रेसिडेंट, मग पद्मिनी. जाळी, दिवे, बंपर बदलत गेले. 1089 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन आणि मागचे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) तेच राहिले. म्हणून आरसी बुकात फियाट असो की प्रीमियर, पार्ट मागताना दुकानदाराला नावाबरोबर वर्षही सांगावं लागतं.

परवाना-राज्यात नोंदणी करून वर्षानुवर्षं थांबायची तऱ्हा सगळ्यांना माहीत आहे. 1969 मध्ये केंद्राने गाडीची किंमतही ठरवून दिली आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 1983 च्या शेवटी मारुती आली.

खरा वाद पुढच्या दहा वर्षांचा. 1985 मध्ये प्रीमियरने 118 एनई ही नवी गाडी काढली: सांगाडा फियाट 124 चा, इंजिन निसानचं 1171 सीसी. गाडी चांगली होती, पण जुनीच्या जागी न येता तिच्या शेजारी उभी राहिली, कारण पद्मिनीला टॅक्सीवाल्यांचं हक्काचं गिऱ्हाईक होतं. त्या गिऱ्हाइकाच्या भरवशावर चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि स्टिअरिंगवरचे गिअर 90 च्या दशकात तसेच पुढे आले. मग एकाच वेळी दोन भागीदार: ठाणे जिल्ह्यातल्या कल्याण-डोंबिवलीच्या कारखान्यात फ्रेंचांबरोबर प्यूजो 309, आणि कुर्ल्यात पुन्हा इटालियनांबरोबर फियाट उनो. कल्याणला संप पेटला, 1997 मध्ये फ्रेंच भागीदार बाहेर पडला, नोंदणीचे पैसे भरलेले लोक ताटकळले. डोंबिवलीत अजूनही कुणी युनियनला दोष देतो, कुणी व्यवस्थापनाला. संपाने घाव घातला हे खरं, पण मुळात पैसा आणि लक्ष चार गाड्यांत वाटलं गेलं होतं आणि जिच्यावर घर चालत होतं त्या पद्मिनीवर सगळ्यात कमी खर्च झाला. पद्मिनीच्या एस-1 मध्ये गिअर स्टिअरिंगवरून खाली जमिनीवर आले, 137 डी मध्ये इटालियन डिझेल इंजिन आलं, पण तोवर उशीर झाला होता. 2000 च्या सुमारास उत्पादन थांबलं.

मुंबईत ताडदेवच्या आरटीओत शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2003 मध्ये नोंदली गेली. वीस वर्षांच्या मर्यादेमुळे ऑक्टोबर 2023 नंतर काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. खासगी गाड्यांना ती मर्यादा नाही: पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण आणि पर्यावरण कर. ठाण्याचं एमएच-04 असो वा नवी मुंबईचं एमएच-43, आरटीओच्या तपासणीला चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिलने घासून छाप घेतात. अंकांवर गंज किंवा रंगाचे थर असले तर छाप उमटत नाही आणि गाडी परत पाठवतात. आधी पेट्रोलच्या फडक्याने पुसा, ग्राइंडर मुळीच लावू नका. अंक घासले गेले की नंबर बदलल्याचा संशय येतो.

खाडीच्या हवेत ही गाडी आधी खालून जाते. वेगळी चेसिस नाही, पत्राच वजन पेलतो. दरवाज्याखालचा पोकळ पट्टा आतून सडला की मधला खांब खाली बसतो आणि मागचा दरवाजा लागेनासा होतो. अशा वेळी बिजागरी ठोकून काही होत नाही. आधी दरवाज्यांच्या मोकळ्या जागेत आडवा पाइप टाकून सांगाडा धरायचा, मगच पत्रा कापून नवा लावायचा. नाहीतर वेल्डिंगच्या उष्णतेने गाडी वाकडी होते. स्टिअरिंगवरचे गिअर अडकण्यामागे बहुतेकदा बॉनेटखालच्या दांड्यांचे झिजलेले बुश (सांध्यातले वेढे) असतात. गिअरबॉक्स उघडण्याआधी ते बदला, दांडीची लांबी न्यूट्रलमध्ये जुळवा आणि मगच मेकॅनिकचा अंदाज ऐका.