पोरं गुन्ह्याकडे का वळतात? या प्रश्नामागचा इतिहास

एखाद्या पोराने चोरी केली की आजही लोक पटकन म्हणतात, "मुळातच वाया गेलेलं आहे ते". 1876 साली इटलीतल्या लोंब्रोसो नावाच्या डॉक्टरने हेच शास्त्र म्हणून मांडलं होतं, गुन्हेगार जन्मतःच तसा असतो आणि जबडा, कान, कवटी बघून ओळखता येतो. तपासणीत ते टिकलं नाही, पण सवय काही गेली नाही.

खरी कलाटणी मिळाली शिकागोत. 1899 मध्ये तिथे मुलांसाठी वेगळं कोर्ट सुरू झालं आणि नोंदी साठत गेल्या. क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके या समाजशास्त्रज्ञांनी काय केलं, तर कोर्टात आलेल्या मुलांचे पत्ते काढले आणि शहराच्या नकाशावर प्रत्येक घराच्या जागी एक टिंब दिलं. टिंबांची गर्दी झाली ती शहराच्या मध्याला आणि कारखान्यांना लागून असलेल्या पडक्या वस्त्यांत, बाहेर जाल तशी ती विरळ होत गेली. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्या वस्त्यांत आधी जर्मन, आयरिश लोक राहायचे, मग पोलिश, इटालियन आले, माणसं पार बदलली तरी तिथलं गुन्ह्यांचं प्रमाण चढंच राहिलं, आणि जे लोक बाहेर पडून बऱ्या भागात गेले त्यांच्या पोरांचं प्रमाण खाली आलं. म्हणजे दोष रक्तात नव्हता. गरिबी, सतत येणारी-जाणारी कुटुंबं, कोण कुणाचं हेच माहीत नाही, मग पोरांना हटकणार कोण? 1942 मध्ये हे सगळं छापून आलं, आणि मला तरी या विषयातला हा सगळ्यात जबरदस्त पुरावा वाटतो.

दरम्यान 1938 मध्ये समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन म्हणाले की पैसा कमवायचं स्वप्न समाज सगळ्यांना दाखवतो, रस्ता मात्र सगळ्यांना देत नाही, म्हणून काही जण आडमार्ग धरतात. पण मग काचा फोडण्यात कुठला पैसा? त्यावर 1955 मध्ये अल्बर्ट कोहेन यांचं उत्तर होतं की शाळा मध्यमवर्गीय मापाने मोजते, त्यात कमी पडलेली पोरं ते मापच उलटं करतात, जे शाळेत वाईट ते टोळीत भारी. साइक्स आणि मात्झा यांनी 1957 मध्ये दाखवलं की चूक काय ते या पोरांना कळत असतं, फक्त सबबी तयार असतात, "त्यांना काय फरक पडतो, इन्शुरन्स आहे ना", "सुरुवात त्याने केली", "मित्रासाठी केलं".

1963 मध्ये हॉवर्ड बेकर यांनी शिक्का मारणाऱ्यांकडेच बोट दाखवलं, म्हणजे कुणाला गुन्हेगार म्हणायचं हे समाजच ठरवतो. 1969 मध्ये ट्रॅव्हिस हर्शी यांनी प्रश्नच फिरवला, बाकीची पोरं गुन्हा का करत नाहीत? घर, शाळा, काहीतरी गमवायची भीती, हे धागे धरून ठेवतात म्हणून. (या सगळ्यांनी बघितली ती बहुतेक मुलंच, मुलींकडे बराच काळ कुणी नीट पाहिलं नाही, हे खटकतंच.)

पुढे सॅम्पसन आणि लॉब या अभ्यासकांना हार्वर्ड विद्यापीठाच्या तळघरात जुन्या फाइल्सची खोकी सापडली, सुधारगृहांत गेलेल्या बॉस्टनच्या 500 मुलांची. ती मुलं मोठेपणी कशी निघाली हे त्यांनी तपासलं आणि 1993 मध्ये मांडलं, पक्की नोकरी लागली, लग्न नीट टिकलं, तर त्यातल्या बऱ्याच जणांचे गुन्हे थांबले होते.