बॉलचा रंग बघू नका, खळ्या बघा

आमच्याकडून गोल्फ मैदानाच्या तळ्यातले धुतलेले जुने गोल्फ बॉल नेणारे बरेच जण पहिलं हेच विचारतात की बाहेर याच्याहून पांढरेशुभ्र, अगदी नव्यासारखे जुने बॉल स्वस्तात मिळतात मग तुमचेच असे पिवळट का. काउंटरवर उभ्या उभ्या याचं उत्तर देऊन होत नाही, मागे लाइन लागते, म्हणून हा कागद पाकिटात टाकतोय.

तर ते पांढरेशुभ्र बॉल बहुतेक वेळा रंगवलेले असतात. आणि रंग साचतो कुठे, तर खळ्यांत. डिम्पल म्हणा हवं तर. एका बॉलवर साधारण ३०० ते ५०० असतात, टायटलिस्ट कंपनीच्या आत्ताच्या प्रो व्ही वन बॉलवर ३८८, आणि खोली किती तर पाव मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे वहीचे दोन-तीन कागद एकावर एक ठेवा तेवढी. त्यात रंगाचे दोन हात बसले की राहिलं काय?

आता तुम्ही म्हणाल बुजल्या तर बुजल्या, उलट गुळगुळीत बॉल हवेतून सुळकन जाईल. सगळ्यांना तसंच वाटतं पण होतं उलटं. गुळगुळीत बॉलच्या अंगाला चिकटून जाणारा हवेचा पातळ थर संथ असतो, त्यात दम नसतो, तो बॉलच्या जेमतेम कडेपर्यंत येतो आणि पाठीकडे वळायच्या आधीच सुटतो. मग बॉलच्या मागे भोवऱ्यांची रुंद शेपटी तयार होते, तिथे दाब कमी पडतो आणि बॉल मागे खेचला जातो. खळ्या काय करतात तर त्या थराला आधीच खवळवतात, खवळला की बाहेरची वेगवान हवा त्यात मिसळते, त्याला जोर येतो, आणि तो बॉलची पाठ बरीचशी पार करेपर्यंत सुटत नाही. शेपटी अरुंद होते आणि ओढ जवळजवळ निम्मी. घर्षण किंचित वाढतं ते वेगळं, पण या फायद्यापुढे ते किस झाड की पत्ती! त्याच ड्रायव्हरने, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या काठीने, तसाच फटका मारला तर बिनखळीचा बॉल निम्म्याच्या आसपासच जातो.

हे कुणी वहीत गणित मांडून शोधलेलं नाही बरं का. १८४८ च्या सुमाराला स्कॉटलंडमध्ये गटापर्चाचे, म्हणजे झाडाच्या चिकाचे बॉल आले, नवे असताना एकदम गुळगुळीत, आणि खेळणाऱ्यांच्या लक्षात आलं की मार खाऊन चरे पडलेला बॉलच जास्त लांब आणि नीट जातो. मग लोक नव्या बॉलला हातोडीने मुद्दाम टोचे मारायला लागले. खळ्यांचं पेटंट इंग्लंडच्या विल्यम टेलरने १९०५ मध्ये मागितलं.

दुसरं काम स्पिनचं. ड्रायव्हरने मारलेला बॉल मिनिटाला अडीच-तीन हजार वेळा उलटा फिरत असतो, वेजने, म्हणजे जवळून उंच उडवायच्या काठीने, तर नऊ-दहा हजारापर्यंत, आणि उलटा फिरताना तो आपल्या मागची हवा खाली ढकलतो म्हणून स्वतः वर उचलला जातो. खळ्यांमुळे ही पकड पक्की बसते. पण तुमचा फटकाच तिरका बसत असेल तर तीच पकड बॉलला बाजूलाही नेते, तेव्हा स्लाइस जात असेल, म्हणजे बॉल बाजूला वळत असेल, तर कृपया बॉलला दोष देऊ नका (आम्हाला तर नकोच नको).

खरी गंमत एकाच बाजूच्या खळ्या भरल्या की होते. क्रिकेटचा बॉल पँटला घासून एक बाजू चमकवणाऱ्या पोराला हे पटकन कळेल, दोन बाजूंनी हवा वेगवेगळ्या ठिकाणी सुटली की बॉल वळतो. तिथे ते हवं असतं, इथे नको. पावसाळ्यात फेअरवेवरचा, म्हणजे मैदानातल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावरचा, चिखल एका बाजूला चिकटलेला बॉल म्हणूनच भलतीकडे पळतो. मुद्दाम अशा असमान खळ्यांचा, आपोआप सरळ जाणारा पोलारा नावाचा बॉल अमेरिकेत सत्तरच्या दशकात आला होता, त्यावरून मोठं भांडण झालं आणि १९८१ पासून तिथल्या गोल्फ असोसिएशनने बॉल सगळीकडून सारखाच उडला पाहिजे असा नियम केला.

म्हणून आम्ही रंग देत नाही, फक्त धुतो आणि निवडतो. तुम्हीही कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश एवढंच वापरा, तारेची घासणी नको, थिनर तर अजिबात नको. आणि बॉल कुठूनही घ्या, आधी मोबाइलची टॉर्च आडवी धरून बघा, खळीच्या कडेची सावली स्पष्ट दिसली तर बॉल चांगला, कडा गोलसर पुसट दिसली की समजायचं रंग चढलाय नाहीतर घासून गेलाय. आमच्या पाकिटात तसा एखादा निघाला तर न खेळता परत आणा, बदलून देऊ. झाडावर आपटून आलेला मात्र घेणार नाही, तो आम्ही लांबूनच ओळखतो.