बर्बनच्या वयाचे पैसे: चवीला किती, हवेला किती?

हरिपूरच्या हळदीच्या पेवांपासून तासगावच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजपर्यंत, माल थांबवून धरण्याचा हिशेब सांगली जिल्ह्याला कोणी शिकवायला नको. गोदामाचे भाडे, अडकलेल्या पैशांवरचे व्याज आणि वजनातली घट भावात निघाली, तरच माल ठेवण्यात अर्थ असतो. अमेरिकेतल्या केंटकी राज्यातले बर्बन व्हिस्कीचे कारखानेही हाच हिशेब मांडून बसतात. फक्त त्यांची घट जबर असते आणि थांबवलेल्या मालाची चव दरवर्षी बदलत जाते. म्हणून अमेरिकेहून येणारा भाचा फोनवर विचारतो, ‘मामा, सहा वर्षांची आणू की बारा वर्षांची?’, तेव्हा उत्तरासाठी थोडे रसायनशास्त्र आणि थोडे व्याजाचे गणित लागते. माझे मत आधीच सांगतो. साधारण बारा वर्षांपर्यंत वाढलेल्या किमतीत चवीचा खरा वाटा असतो. त्यापुढचे पैसे बहुतांशी हवेत उडालेल्या दारूचे आणि टंचाईचे असतात.

आपल्याकडे वयाचा मान स्कॉचमुळे रुजला. ‘बारा वर्षांची’ म्हणजे चांगली, ‘अठरा वर्षांची’ म्हणजे त्याहून चांगली, हे समीकरण लग्नाच्या वयापासून ऐकलेले असते. ते बर्बनला जसेच्या तसे लावता येत नाही, आणि त्याचे कारण पिंपात आहे. स्कॉच बहुधा आधी वापरलेल्या पिंपांत मुरते. त्यांतली बरीचशी पिंपे बर्बनचीच, अमेरिकेतून गेलेली असतात. बर्बनला मात्र कायद्यानेच नवे कोरे, आतून जाळलेले ओक झाडाच्या लाकडाचे पिंप लागते. धान्यात निदान ५१ टक्के मका हवा, पिंपात भरताना अल्कोहोल ६२.५ टक्क्यांपेक्षा जास्त नको, आणि वरून रंग किंवा स्वाद घालायचा नाही. नुसत्या ‘बर्बन’ला किमान वयाची अटच नाही. ‘स्ट्रेट बर्बन’ निदान दोन वर्षे मुरलेली असते, आणि ती चार वर्षांच्या आतली असेल तर लेबलवर वय छापणे बंधनकारक आहे. छापलेले वय मिश्रणातल्या सर्वांत कोवळ्या दारूचे असते.

पिंपात शिरणारी दारू पाण्यासारखी नितळ असते. बर्बनचा तो तांबूस रंग पूर्णपणे लाकडातून येतो, आणि चवीचाही मोठा भाग तिथूनच. अमेरिकन व्हाइट ओकची फळी आतून जाळली की सर्वांत वर कोळशाचा थर तयार होतो. तो कच्च्या दारूतली गंधकाची उग्र संयुगे शोषून घेतो. कोळशाच्या खाली, नुसते भाजलेले लाकूड असते आणि खरी गंमत तिथे घडते. तिथल्या हेमिसेल्युलोज या लाकडातल्या घटकाच्या साखळ्या तुटून साखरा होतात आणि करपून कॅरामलची चव देतात. लाकडाला कडकपणा देणारे लिग्निन फुटले की व्हॅनिलिन सुटते, म्हणजे आइस्क्रीममधल्या व्हॅनिलाचा जो मुख्य रेणू, तोच. ओकमधले लॅक्टोन ओल्या खोबऱ्यासारखा वास आणतात आणि टॅनिन तुरटपणा. उन्हाळ्यात दारू फुगून लाकडात खोल शिरते, थंडीत आक्रसून हे सगळे घेऊन बाहेर येते.

नवे लाकूड हे सारे सुरुवातीच्या वर्षांत भराभर देऊन टाकते. नंतर वेग मंदावतो, पण थांबत नाही, आणि तुरटपणा साचत जातो. म्हणून वापरलेल्या पिंपातली स्कॉच अठराव्या वर्षी डौलदार लागते, तर नव्या पिंपातली अठरा वर्षांची बर्बन कित्येकदा नुसते लाकूड चावल्यासारखी लागते.

मग लवकर काढावी का? इथे वयाच्या बाजूनेही बोलले पाहिजे. केंटकीतल्या बफेलो ट्रेस कारखान्याने नेहमीच्या सुमारे २०० लिटरच्या पिंपाऐवजी लहान पिंपांत बर्बन मुरवण्याचा प्रयोग केला. लहान पिंपात दर लिटरमागे लाकूड जास्त, त्यामुळे रंग आणि ओकची चव झटपट आली. तरीही काही वर्षांनी कारखान्याने स्वतःच तो प्रयोग फसल्याचे जाहीर केले, कारण चवीला खोली नव्हती. त्या खोलीचा मोठा भाग हवेचा असतो. लाकडाच्या छिद्रांतून ऑक्सिजन हळूहळू आत येतो, अल्कोहोलचे काही अंशी आम्लांत रूपांतर होते, आणि आम्ल व अल्कोहोल एकत्र येऊन एस्टर तयार होतात. फळांचा गंध बऱ्याच अंशी या एस्टरांचा. या कामाला वर्षेच लागतात, ते घाईने उरकत नाही. चार वर्षांच्या आणि दहा वर्षांच्या बर्बनमधला फरक खरा आहे आणि सरावलेल्या जिभेला तो कळतो.

आता घट. पिंपातून दरवर्षी उडून जाणाऱ्या दारूला ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. स्कॉटलंडमध्ये तो साधारण २ टक्के, केंटकीत ३ ते ५ टक्के. ४ टक्के धरून चक्रवाढीने मोजू. सहाव्या वर्षी पिंपात ७८ टक्के दारू उरते, बाराव्या वर्षी ६१ आणि विसाव्या वर्षी ४४. म्हणजे निव्वळ घटीमुळे बारा वर्षांची दारू सहा वर्षांच्या दारूपेक्षा सुमारे १.३ पट महाग पडते. त्यावर सहा वर्षांचे ६ टक्क्यांनी व्याज चढवले की १.८ पट. वीस वर्षांच्या दारूचा हाच हिशेब जवळपास चौपटीवर जातो. हेही फक्त आतल्या दारूचे झाले. बाटली, बूच, वाहतूक यांचा खर्च दोन्हींना सारखाच. दुकानातला फरक याहून बराच मोठा दिसला, तर तो टंचाईचा भाव समजावा. २०१६ मध्ये ‘एलायजा क्रेग’ या बर्बनच्या नेहमीच्या बाटलीवरून ‘१२ वर्षे’ हा आकडा गेला आणि आत आठ ते बारा वर्षांची मिसळ आली, कारण मागणीला पुरेल इतका जुना साठाच नव्हता. ‘पॅपी व्हॅन विंकल’ या दुर्मीळ बर्बनची वीस-तेवीस वर्षांची बाटली छापील किमतीच्या कित्येक पटीने हातोहात विकली जाते, त्यातही लाकडाचे कर्तृत्व थोडेच.

हवामान बदलले की वयाचा अर्थच बदलतो. बेंगळुरूच्या ‘अमृत’ कारखान्यात ही घट वर्षाला १० ते १२ टक्के असते. केंटकीत थंडीत पारा शून्याखाली जातो आणि पिंप जणू झोपी जाते. सांगलीत असे कधी होणार नाही. पलूसच्या एखाद्या शेडमध्ये, चाळिशीला टेकलेल्या एप्रिलमध्ये, पिंप ठेवले आणि घट ११ टक्के धरली, तर सहाव्या वर्षीच निम्मे पिंप रिकामे होईल. बाराव्या वर्षी पाव उरेल, आणि ते पिण्याजोगे असेल याची मला आशा नाही. खुद्द केंटकीतही गोदामाच्या वरच्या, तापलेल्या मजल्यावरचे पिंप तळमजल्यावरच्या पिंपापेक्षा लवकर म्हातारे होते. उलट बफेलो ट्रेसने सात अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवलेले थंड गोदाम बांधले आहे, दारू दशकानुदशके लाकडाळ न होता मुरावी म्हणून. लेबलवरचा आकडा कॅलेंडर मोजतो. मुरणे किती झाले, हे त्यावरून अर्धेच कळते.

आणि किंमत जिभेलाही फसवते. २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी लोकांना एमआरआय यंत्रात झोपवून वाइन चाखवली. तीच वाइन एकदा १० डॉलरची म्हणून दिली, एकदा ९० डॉलरची म्हणून. महाग सांगितली तेव्हा ती जास्त आवडली, आणि मेंदूतला सुखाची नोंद ठेवणारा भागही खरोखर जास्त उजळला. लोक खोटे बोलत नव्हते, त्यांना ती तशीच लागत होती. म्हणून दोन बाटल्यांची तुलना करायची तर ग्लास दुसऱ्याने भरावेत आणि कोणता कुठला हे शेवटी सांगावे.

दोन गैरसमज आपल्याकडे घट्ट आहेत. जुनी दारू ‘बाधत नाही’ हे खरे नाही. इथेनॉल तेच, कर्करोगाचा धोकाही तोच, आणि मुरलेल्या बर्बनमध्ये हँगओव्हर वाढवणारी इतर संयुगे व्होडकाच्या कितीतरी पट जास्त असतात. दुसरे, बाटलीत दारू मुरत नाही. कपाटात दहा वर्षे जपलेली सहा वर्षांची बर्बन सहा वर्षांचीच राहते.

भारतात घेताना आणखी एक हिशेब आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्राने बर्बनवरचा आयात कर १५० टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर आणला. हा कर किमतीवर लागतो. म्हणजे त्या दराने केंटकीत वयापोटी ३० डॉलर जादा असतील, तर बंदरावर उतरताना ते ६० होतात, आणि राज्याचे कर त्यापुढे. चव मात्र वाटेत काडीचीही वाढत नाही. म्हणून भाच्याला मी सांगेन, सहा ते दहा वर्षांची बघ. ती नसेल तर लेबलवर ‘बॉटल्ड इन बाँड’ शोध. १८९७ च्या अमेरिकी कायद्यानुसार ती एकाच कारखान्याची, एकाच हंगामातली, निदान चार वर्षे मुरलेली आणि बरोबर ५० टक्के अल्कोहोलची असते. अठरा वर्षांच्या बाटलीचे पैसे तुझ्याकडेच ठेव.