छपरावरचं पॅनल आणि वाऱ्याची ओढ

कोल्हापूरहून बेळगावला परत येत होतो. निपाणी मागं पडली, तवंदी घाट संपला, दादानं गाडी जरा मोकळी सोडली आणि डोक्यावर खडखड सुरू झाली. दादा म्हणजे माझा आतेभाऊ. त्यानं जुनी ट्रॅव्हलर घेऊन आतल्या सीटा काढल्या, दोन बिछाने आणि एक ओटा बसवला आणि दिवे, पंखा, छोटा फ्रीज चालावा म्हणून छपरावर १०० वॅटचं सोलर पॅनल लावलं. गाडी कडेला घेऊन मी शिडीनं वर चढलो. पॅनलच्या पुढच्या दोन क्लॅम्पांपैकी एकाचा स्क्रू गायब होता. दुसऱ्याचा स्क्रू हातानंच वर आला, आणि त्याखालचं गोल भोक ओढून ओढून चिंचोक्यासारखं लांबुळकं झालं होतं.

"सात किलोचं तर आहे, चार स्क्रू बास होतात की," दादा म्हणाला. बहुतेक जण असाच हिशेब करतात. पण गाडी उभी असेतोवरच पॅनल छपरावर दाब देतं. गाडी पळू लागली की वारा त्याला वर ओढतो, आणि क्लॅम्पांनी सोसायची असते ती ही ओढ.

समोरून आलेली हवा काचेवर आपटून वर चढते आणि छपराच्या पुढच्या वळणावरून वेगानं मागे सरकते. तिथं दाब कमी होतो. त्याच वेळी थोडी हवा पॅनलच्या पुढच्या कडेखाली शिरते आणि खालून रेटते. या ओढीचा अंदाज बांधायला साधं सूत्र पुरतं : हवेची निम्मी घनता गुणिले वेगाचा वर्ग गुणिले पॅनलचं क्षेत्रफळ. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास आहे. इथली हवा किनाऱ्यापेक्षा थोडी विरळ, घनमीटरला सुमारे १.१ किलो. १०० वॅटचं पॅनल साधारण एक मीटर लांब आणि ६७ सेंटिमीटर रुंद असतं. वाऱ्याचा सगळा दाब उचलण्यातच खर्च होतो असं धरलं, तर ताशी ८० किलोमीटरला ओढ भरते सुमारे साडेअठरा किलो वजनाइतकी. ताशी १०० ला २९ किलो. आणि गाडी ८० नं जात असताना समोरून ४० चा वारा असेल, तर पॅनलला वेग लागतो १२० चा आणि ओढ होते ४० किलोंच्या वर. वेग दीडपट झाला की ओढ सव्वादोनपट होते. त्यात समोरून भरधाव ट्रक गेला की एक झटका वेगळाच बसतो.

आता स्क्रूकडे बघू. पत्र्यात मारायच्या नेहमीच्या स्क्रूच्या दोन आट्यांमध्ये साधारण दीड मिलिमीटर अंतर असतं. गाडीच्या छपराचा पत्रा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ. म्हणजे एक आटासुद्धा पुरता पत्र्यात बसत नाही. लाकडात तोच स्क्रू दहा-बारा आट्यांनी धरून बसतो, म्हणून सुताराचा अनुभव इथं फसवतो. रोजच्या हिसक्यांनी पत्र्याची ती पातळ कड वाकते, भोक मोठं होतं, रंग निघतो, पाणी शिरतं आणि गंज धरतो. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला जून ते सप्टेंबर पावसात फिरणाऱ्या गाडीला असं एक भोक पुरे.

बेळगावच्या उद्यमबागेत एका फॅब्रिकेशनवाल्याकडे गाडी नेली. त्यानं वर चढायच्या आधीच सांगितलं, "सर, वरनं वजन बघू नका, खालनं वारं किती शिरतंय ते बघा." त्यानं छपराच्या आतले आडवे पट्टे हातानं ठोकून शोधले. त्यांच्या रेषेत भोकं पाडून आरपार ६ मिलिमीटरचे बोल्ट घातले आणि आतून प्रत्येक बोल्टाखाली तळहाताएवढी जाड पट्टी दिली. त्यामुळं ओढ एका भोकाच्या कडेवर न येता तळहाताएवढ्या पत्र्यावर पसरते. भोकांच्या कडांना आधी प्रायमर लावला, मग पॉलियुरेथेन सीलंट, म्हणजे फटी बुजवणारं रबरासारखं चिकट द्रव्य, भरलं. बाथरूमचं व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन त्यानं बाजूला ठेवलं, ते बरोबरच केलं. ते सुकताना ॲसेटिक ॲसिड सोडतं आणि उघड्या लोखंडाला गंजवतं.

भोकं न पाडता नुसतं चिकटवून चालेल का, हे मला पुष्कळ जण विचारतात. चांगलं पॉलियुरेथेन सरळ ओढलं तर जबरदस्त धरतं. त्याची दुबळी बाजू म्हणजे सोललं जाणं. तव्यावरचा डोसा मधून ओढून निघत नाही, पण कडेनं उलथनं घातलं की सरसर सुटतो. वारा पॅनलच्या पुढच्या कडेला हेच करतो. म्हणून चिकटवायचंच असेल, तर पुढच्या कडेला तरी बोल्ट असावेत आणि वारा अडवणारी उतरती पट्टी असावी. चिकटवताना थर तीनेक मिलिमीटर जाड ठेवावा. उन्हात पॅनलच्या चौकटीचं ॲल्युमिनियम छपराच्या लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं. तापमान ४० अंशांनी वाढलं तर एक मीटर लांबीत दोघांत जवळपास अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडतो. जाड, लवचीक थर ही ओढाताण झेलतो, पातळ थर फाटतो.

मग पॅनल छपराला टेकवूनच का बसवू नये? वाऱ्याला खाली शिरायला जागाच नको! पण पॅनलला खालून हवा लागते. २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला सिलिकॉन पॅनलची ताकद सुमारे ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते. एप्रिलच्या दुपारी पॅनल ६५ अंशांवर गेलं, तर १४ टक्क्यांच्या आसपास वीज तिथंच जाते. दादाच्या गाडीवर चार-पाच सेंटिमीटरची फट ठेवली, पुढं उतरती पट्टी लावली आणि बाजू व मागची कड मोकळी सोडली. मला हा तोडगा पटतो.

पॅनल तिरकं उभं करायची यंत्रणा मात्र आपल्याकडे नकोच. बेळगाव १५.८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या सुरुवातीला आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास सूर्य दुपारी नेमका डोक्यावर असतो. डिसेंबरच्या सर्वांत लहान दिवशीसुद्धा सपाट पॅनलला दुपारी सूर्याकडे तोंड केलेल्या पॅनलच्या तीन-चतुर्थांशांहून जास्त थेट ऊन मिळतं. तेवढ्यासाठी वाऱ्यापुढं शीड उभारणं मला धोक्याचं वाटतं.

राहिला नट. नुसता जोरात आवळला की काम झालं असं वाटतं, पण आडव्या हादऱ्यांनी नट हळूहळू स्वतःच फिरत सुटतो. गेर्हार्ड युंकर या जर्मन अभियंत्यानं १९६९ साली हे प्रयोगानं दाखवलं. नटाखाली घालतात त्या स्प्रिंग वॉशरवर विसंबू नये, आत नायलॉनचं कडं असलेला नट वापरावा. फॅब्रिकेशनवाल्यानं शेवटी पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ नटावरून खालच्या पट्टीवर ओढली. नट जरा जरी फिरला तर रेघ तुटलेली दिसते. चोर्ला घाटातून गोव्याला जाऊन आल्यावर दादानं शिडी लावली आणि एकेक रेघ बोटानं तपासली. मागच्या उजव्या कोपऱ्यातली केसभर सरकली होती. पाना आणून त्यानं तो नट आवळला, जुनी रेघ पुसली आणि नवी ओढली.